बाबरची तौबा, जहांगीरचे प्याले

मुघल म्हटलं की आपण वर्गात लढाया, इमारती आणि महसूल शिकवतो. दारू आणि अफूने हे घराणं पिढ्यानपिढ्या किती पोखरलं, ते पाठ्यपुस्तकात येत नाही. ते कुणी लपवलेलंही नाही. खुद्द बादशहांनीच लिहून ठेवलंय.

बाबरचे वालिद उमर शेख मिर्झा पिणारे होते, पुढे माजूनच्या नशेकडे वळले. चुलते सुलतान अहमद मिर्झा प्यायला बसले की वीस-तीस दिवस उठत नसत. बाबरने चाळिशीला सोडायचं ठरवलं आणि एकोणचाळिसाव्या वर्षी, आता थोडेच दिवस उरले म्हणून, आणखीच जास्त प्यायला. हा हिशेब ज्यांच्या घरात पिणारा आहे त्यांना ओळखीचा वाटेल.

चाळिशी उलटून गेली. शेवटी फेब्रुवारी 1527 मध्ये, राणा सांगाशी खानव्याची लढाई तोंडावर असताना, त्याने तौबा केली. सोन्याचांदीची भांडी फोडून गोरगरिबांना वाटली. गझनीहून आलेल्या दारूत मीठ टाकून तिचा सिरका करायला लावला. सुमारे तीनशे जणांनी त्याच्यासोबत दारू सोडली. पुस्तकं इथेच थांबतात. मला मात्र 1529 मध्ये त्याने ख्वाजा कलानला लिहिलेलं पत्र महत्त्वाचं वाटतं. मैफलींच्या ओढीने आपल्याला रडू यायचं, आता ती ओढ कमी झाली, असं तो त्यात कबूल करतो. बादशहालाही तौबेनंतर मन सावरायला एवढा वेळ लागला. आणि माजून? ते चालूच राहिलं.

माझ्या एका मामूंनी दारू सोडली तेव्हा मोहल्ल्यातले म्हणायचे, "खून में है, कितने दिन छोड़ेगा?" नानाही प्यायचे, म्हणून. मामू काही बोलायचे नाहीत. संध्याकाळी मगरीबनंतरचा एक तास त्यांना सर्वांत जड जायचा, हे मामीच सांगायची.

बाबरचा मुलगा हुमायून अफूत बुडाला. अकबराचे तीन मुलगे मोठे झाले, तिघेही दारूत. मुराद 1599 मध्ये जालन्याच्या परिसरात गेला, तिशीही गाठली नाही. दानियाल 1605 मध्ये बुऱ्हाणपुरात. त्याच्यावर पहारा होता, म्हणून नोकराने बंदुकीच्या नळीत दारू भरून आत नेली. नळीतला गंज आणि बारूद त्यात मिसळलं होतं. ही हकीकत त्याच्या भावाने, जहांगीरनेच लिहिली आहे. पहारा होता, आणि तोही बापाच्या हुकमाने.

जहांगीर अठराव्या वर्षी शिकारीत थकला असताना कुणीतरी दिलेल्या दीड प्याल्याने सुरू झाला. पुढे दोनदा गाळलेल्या दारूचे रोज वीस प्याले, चौदा दिवसा आणि सहा रात्री. हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमामने स्पष्ट बजावलं, असंच चाललं तर सहा महिन्यांत इलाज उरणार नाही. त्याने सात वर्षांत हळूहळू वीसवरून सहावर आणलं. अफूही घेत राहिला. पूर्ण सुटली नाही, पण दोन भाऊ ज्या वयात गेले त्यानंतर तो कित्येक वर्षं जगला, हेही खरंच.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, चोवीस वर्षांचा होईपर्यंत प्यायला नव्हता. 1616 मध्ये त्याच्या तुलेच्या दिवशी बापाने आग्रह करकरून त्याला पाजली. थोडी पी, औषधासारखी पी, असा सल्लाही दिला. आपल्याकडे आजोबांसाठी तंबाखू मळून देणारा नातू आठवा. खानदानी व्यसन म्हणतात त्याची सुरुवात बरेचदा अशा लाडात असते, ते सगळं रक्तावर ढकलणं सोपं पडतं.

खुर्रमने साधारण पाच वर्षांनी, दख्खनच्या मोहिमेवर निघाला असताना, चंबळेच्या काठी ती सोडली. दारू नदीत ओतली, भांडी मोडून वाटून टाकली, अगदी खापरपणजोबांसारखी. त्याचा सावत्र भाऊ परवेझ 1626 मध्ये दारूपायी मेला, तोही बुऱ्हाणपुरात, चुलता दानियाल गेला त्याच शहरात.