गुडिया कुणी शिवली?

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या मुस्लीम घरांमधून जुन्या, हाताने शिवलेल्या बाहुल्या मी गेली काही वर्षं जमवते आहे. आजवर सतरा मिळाल्या. काही अमरावती शहरातल्या, काही अचलपूर-परतवाड्याच्या, काही अकोल्याच्या आणि बाळापूरच्या. एकही विकत घेतलेली नाही. कुणाच्या ट्रंकेत तळाशी होती, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या जुन्या गोधड्यांच्या गाठोड्यात.

हा छंद कळला की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला : याची किंमत किती येईल? दुसरा, जरा आवाज खाली आणून : हे जायज आहे का? तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ही गुडिया शिवली कुणी? माझ्या मते इतिहासाचा खरा प्रश्न हाच आहे. पण आधीच्या दोन प्रश्नांना बगल देऊन तिथवर पोचता येत नाही.

किमतीचं आधी सांगते. जुन्या बाहुल्यांचा जगभर मोठा बाजार आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत आणि फ्रान्समध्ये चिनी मातीचं डोकं असलेल्या बाहुल्या कारखान्यात तयार होत. त्यांच्या मानेच्या मागे कारखान्याची खूण आणि साच्याचा क्रमांक असे. संग्राहक आजही आधी केस बाजूला सारून ती खूण पाहतात, मग किंमत बोलतात. आपल्या चिंधीच्या बाहुलीवर खूण नाही. जिने शिवली तिने नाव घातलं नाही आणि तिला कुणी विचारलंही नाही. तेव्हा बाजारभावाने तिची किंमत शून्य.

भारतात बाहुल्यांचा सगळ्यात नावाजलेला संग्रह दिल्लीत आहे. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई यांना पन्नासच्या दशकात हंगेरीच्या राजदूतांकडून एक बाहुली मिळाली आणि तिथून त्यांना हा नाद लागला. १९६५ मध्ये शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम उघडलं. आज तिथे ८५ च्या आसपास देशांतल्या हजारो बाहुल्या आहेत. संग्रहालयाच्या स्वतःच्या कार्यशाळेत भारतातल्या प्रांताप्रांतांच्या पोशाखातल्या बाहुल्या बनतात. काम सुंदर आहे, पण पोशाखी बाहुलीची एक अडचण असते. ती एका प्रांताला एक कपडा देते आणि एका धर्मालाही एक कपडा देते. वऱ्हाडातल्या खेड्यात लुगडं नेसणारी, गळ्यात काळ्या मण्यांची पोत घालणारी आणि पाच वक्त नमाज पढणारी बाई अशा मांडणीत कुठे उभी करायची? माझ्याकडच्या सतरापैकी चार बाहुल्या लुगड्यात आहेत. त्या मुस्लीम आजींनी मुस्लीम नातींसाठी शिवलेल्या आहेत. आपल्या बायका कशा दिसत होत्या, याचा तो कापडी पुरावा आहे.

आता जायज-नाजायज. हा प्रश्न चेष्टेचा नाही. एका घरी मी उशिरा पोचले. घरातल्या तरुणाने कुठलंसं बयान ऐकून दादीची गुडिया चुलीत घातली होती. दादी काही बोलली नाही, नुसती माझ्यासाठी चहा ठेवायला उठली.

त्या तरुणाचा विरोध चित्र आणि मूर्तीला होता. इस्लाममध्ये तो विषय गंभीर आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण बाहुल्यांबाबत परंपरा काय सांगते, तेही पाहायला हवं. सहीह बुखारीत हजरत आयशा (र.अ.) यांचं स्वतःचं कथन आहे. त्या बाहुल्यांशी खेळत, मैत्रिणीही येत. प्रेषित (स.) घरात आले की मैत्रिणी लाजून लपत आणि प्रेषित (स.) त्यांना पुन्हा खेळायला पाठवत. अबू दाऊद यांच्या संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. मोहिमेवरून परतल्यावर वाऱ्याने पडदा हलला आणि आयशांच्या बाहुल्या दिसल्या. त्यांत कापडी पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं विचारल्यावर आयशा म्हणाल्या की सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकलं नाही का? त्यावर प्रेषित (स.) मनमोकळं हसले. या हदीसमध्ये बाहुल्यांसाठी आलेला अरबी शब्द ‘बनात’ आहे. त्याचा साधा अर्थ मुली, लेकी.

यावरून पुढे फकीहांमध्ये चर्चा झाली. पंधराव्या शतकातले इब्न हजर अस्कलानी ‘फतहुल बारी’त ती नोंदवतात. मुलींच्या बाहुल्यांना प्रतिमेच्या मनाईतून अपवाद मानणारे पुष्कळ होते. लहानपणापासून घर आणि लेकरं सांभाळायची सवय लागते, हे त्यांचं एक कारण. ही सूट पुढे रद्द झाली असं म्हणणारेही होते. म्हणजे मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. पण ‘इस्लाममध्ये बाहुली नाहीच’ असं एका वाक्यात म्हणणं परंपरेला धरून नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती बगदादची हकिकत. अब्बासी खलिफा मुक्तदिर यांचा काळ ९०८ ते ९३२. तेव्हा बगदादमध्ये अबू सईद अल-इस्तखरी हे शाफई पंथाचे विद्वान मुहतसिब होते. मुहतसिब म्हणजे बाजारावर आणि सार्वजनिक वर्तनावर देखरेख ठेवणारा अधिकारी. मावर्दी ‘अल-अहकाम अस-सुल्तानिया’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात लिहितात की इस्तखरींनी शहरातला एक बाजार बंद केला, पण बाहुल्यांचा बाजार चालू ठेवला आणि त्यासाठी आयशांच्या हदीसचा दाखला दिला. विचार करा. हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये बाहुल्यांचा आख्खा बाजार होता आणि तो बंद करायचा अधिकार ज्याच्या हातात होता, त्याने तो चालू ठेवला. इजिप्तमधल्या फुस्तात या जुन्या राजधानीच्या अवशेषांत इस्लामी काळातल्या हाडाच्या कोरीव बाहुल्या सापडल्या आहेत. त्याही याच जगातल्या.

मग आपल्याकडच्या जुन्या बाहुल्या कुठे गेल्या? याचं उत्तर धर्मात कमी आणि हवेत जास्त आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तची एक चिंधीची बाहुली आहे. रोमन काळातली, लिननच्या कापडाची, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेली. इजिप्तच्या कोरड्या वाळूने ती दीड हजारांहून जास्त वर्षं सांभाळली. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, त्यात कापूस कुजतो. घरात राहिली तर कसर लागते. शिवाय बाहुली फाटली की तिच्याच चिंध्यांतून नवी व्हायची. शेजारच्या हिंदू घरांतही काही वेगळं नव्हतं. भुलाबाई आणि भुलोजीच्या मातीच्या मूर्ती भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गाणी ऐकत आणि मग विसर्जित होत. बायका-मुलींनी मांडलेल्या गोष्टी आपल्याकडे टिकण्यासाठी घडवल्याच जात नव्हत्या.

आणि तरी त्यांत वऱ्हाडाचा इतिहास भरलेला आहे, अगदी शब्दशः. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीने घेतला, त्यामागे या मातीतला कापूसही होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जीआयपी रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. पुढे जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत शेकडो बायका राबल्या. या उलाढालीच्या नोंदी सरकारी कागदांत गाठींच्या आकड्यांनी आहेत. राबणाऱ्या बाईने पदरात बांधून आणलेल्या मूठभर कापसाची नोंद कुठे असणार? ती तिच्या लेकीच्या गुडियेच्या पोटात आहे.

म्हणूनच मी बाहुल्या नुसत्या ठेवत नाही, एकमेकींशी ताडून पाहते. प्रत्येकीसाठी वहीचं एक पान आहे. भरण कशाचं, शिवण हाताची की मशीनची, कापड कुठलं, चेहरा कसा, केस कशाचे, घरात तिला म्हणत काय. एवढ्या गोष्टींवरून बरंच कळतं. टेरिलिन-टेरिकॉट आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत रुळलं, तेव्हा टेरिकॉटचा घागरा घातलेली गुडिया ‘शंभर वर्षांची’ असं कुणी सांगितलं तर मान हलवायची आणि वहीत खरं लिहायचं. मात्र घागरा नंतरचा आणि अंग आधीचं, असंही असू शकतं. म्हणून शिवण आतून पाहावी लागते. शहरातल्या बाहुल्यांत टेलरच्या दुकानातलं कातरण जास्त दिसतं : साटन, मखमल, एखादा गोट्याचा तुकडा. खेड्यातल्या बाहुल्यांत जुन्या लुगड्याचं आणि धोतराचं कापड. पोटात खेड्यात हाताने सरकी काढलेला कापूस, शहरात चिंध्या, आणि अलीकडच्यांत फोम.

चेहऱ्याचं प्रकरण मजेशीर आहे. सतरापैकी सहा बाहुल्यांना डोळे-नाक नाहीच. मी हे धार्मिक कारणाने असेल असं धरून विचारत गेले. दोघींनी तसंच सांगितलं. तिसऱ्या आजी म्हणाल्या, “इत्ता टाइम किसको था बेटी?” अमेरिकेतल्या आमिश ख्रिस्ती लोकांतही बिनचेहऱ्याच्या चिंधीच्या बाहुल्यांची परंपरा आहे आणि तिथेही प्रतिमेच्या मनाईचं कारण दिलं जातं. एकाच रिकाम्या चेहऱ्यामागे श्रद्धा असू शकते आणि कामाचा रगाडाही. शिवणारीला विचारल्याशिवाय ते कळत नाही आणि विचारायला ती हयात असावी लागते.

शब्दांचंही तसंच. मी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे याकडे लक्ष जातं. मराठीत डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतात, उर्दूत पुतली. इंग्रजी ‘प्युपिल’ ज्या लॅटिन ‘पुपिला’वरून आला त्याचाही अर्थ लहान मुलगी, बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं रूप दिसतं, ते इतक्या भाषांना बाहुलीसारखं वाटलं. वऱ्हाडातल्या आमच्या घरांत मात्र ‘गुडिया’ आणि ‘बाहुली’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात चालतात.

ते दोन्ही शब्द एकत्र येत ते गुड्डा-गुड्डीच्या लग्नात. उन्हाळ्याच्या सुट्टीतला हा मोठा सोहळा. एका घरची बाहुली, दुसऱ्या घरचा बाहुला. मेहर चिंचोक्यांत ठरे, जेवणाला मुरमुरे आणि गूळ. अमरावतीच्या एका आजींनी मला सांगितलं की त्यांच्या मोहल्ल्यात गुडिया त्यांची असे आणि बाहुला शेजारच्या कुणब्याच्या घरचा. मग लग्न दोनदा लागे. एकदा मुली मंगलाष्टकं म्हणत, एकदा तीन वेळा ‘कबूल है’. एकट्या आठवणीवर मी भरवसा ठेवत नाही. पण अकोल्याच्या एका मावशींनी, ज्या हिंदू आहेत आणि या आजींना ओळखतही नाहीत, जवळपास हेच सांगितलं. त्यांच्याकडे बाहुली हिंदू होती आणि गुड्डा मुसलमान. दोन्ही घरच्या आयांना ते ठाऊक होतं आणि दोघींनी खाऊ दिला होता. आज हे ऐकवलं की वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघतात. खऱ्या लग्नांत तेव्हाही भिंती होत्याच, त्या मी पुसून टाकत नाही. पण पोरींच्या खेळाला तेव्हा कुणी घाबरत नव्हतं, एवढं या दोन साक्षींवरून म्हणता येतं.

आजची बाहुलीची चर्चा निराळीच असते. १९५९ मध्ये अमेरिकेत बार्बी आली. तिच्या कपड्यांवरून मुस्लीम देशांत वाद झाले. इराणने २००२ मध्ये सारा आणि दारा या बाहुल्या काढल्या, २००३ मध्ये सीरियातून हिजाबवाली फुल्ला आली. कुणाचा झगा किती लांब, यावर बरीच शाई सांडली. पण या सगळ्या कारखान्यातूनच आल्या. त्यांच्यात भांडण कपड्यांचं आहे. हातांचा प्रश्न त्यात येतच नाही.

पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे असल्या घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली, तेव्हा तोही रिकामा उद्योगच वाटला असेल. त्यातून अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. आपल्याला संग्रहालय नको, निदान वही तरी हवी. आपल्या समाजाचा इतिहास म्हटलं की आपण किल्ले, मशिदी आणि सनदा दाखवतो. त्यात पुरुषांची नावं सापडतात. नानी-दादींच्या हातचं जे उरलंय, ते असंच कापडी आणि बिननावाचं आहे.

तुमच्या घरी अशी गुडिया असेल तर ती धुऊ नका. धुतली की भरणाचा गोळा होतो आणि काजळाचे डोळे जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरते. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, सोबत कडुनिंबाचा सुकलेला पाला ठेवा, पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्या. आणि कापडाच्या एका तुकड्यावर शिवणारीचं नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून आत घाला. ती हयात असेल तर हे काम आजच करा आणि नाव तिलाच विचारा. कागदोपत्री असलेलं नको, माहेरी हाक मारायचे ते. माझ्याकडच्या सतरापैकी अकराच बाहुल्यांसोबत असं नाव आहे.