कापसाची नोट, प्लॅस्टिकची नोट



गटाच्या बैठकीत पैसे मोजताना एखादी तरी दहाची नोट वादाची निघतेच. घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली, घामाने काळी पडलेली. खजिनदार म्हणते, "मावशी, ही कुणी घेणार नाही." मावशी म्हणते, "मला बाजारात अशीच मिळाली, मी कुठून बदलून आणू?" आम्हा कर्जतच्या बायकांना हा वाद पाठ झालाय. म्हणून आज नोटेचीच गोष्ट सांगतो.

आपल्या पणज्यांच्या काळी पैसा म्हणजे चांदीचा कलदार. दगडावर आपटायचा, खणखणीत वाजला तर खरा. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने एक रुपयाची नोट काढली. त्या काळी नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. १९२८ पासून त्या आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात छापल्या जाऊ लागल्या.

नोटेला आपण कागद म्हणतो, पण तो कागद कापसाचा असतो. म्हणून चुकून धुण्यात गेली तरी नोटेचा लगेच लगदा होत नाही. तरीही घाम, पाणी, उंदीर आणि वाळवी यांच्यापुढे तिचे काही चालत नाही.

ऑस्ट्रेलियात १९६६ साली दहा डॉलरच्या खोट्या नोटांचा सुळसुळाट झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी वीसेक वर्षे खपून प्लॅस्टिकची नोट तयार केली. ती १९८८ मध्ये पहिल्यांदा लोकांच्या हातात आली आणि १९९६ पर्यंत त्या देशाच्या सगळ्या नोटा प्लॅस्टिकच्या झाल्या. पुढे न्यूझीलंड, कॅनडा, इंग्लंड त्याच वाटेने गेले. प्लॅस्टिकची नोट कागदी नोटेच्या किमान अडीच पट टिकते, असे इंग्लंडची बँक सांगते.

आपल्याकडेही हा विचार झाला. २०१४ मध्ये सरकारने संसदेत सांगितले, की दहा रुपयांच्या १०० कोटी प्लॅस्टिक नोटा पाच शहरांत वापरून पाहू. कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला आणि भुवनेश्वर ही ती शहरे. कुठे दमट हवा, कुठे कोरडे ऊन, कुठे थंडी, म्हणून ती निवडली. दहाचीच नोट का? कारण लहान नोट जास्त हातांतून फिरते आणि लवकर झिजते. २०१७ मध्ये पुन्हा संसदेत तेच सांगितले गेले. पण ती नोट काही आपल्या हाती आली नाही.

आली असती तर? पावसात भिजली तरी पुसून ठेवता आली असती. पण प्लॅस्टिकची घडी नीट बसत नाही, ते पुन्हा उलगडते. कनवटीला खोचणाऱ्या बाईची पंचाईतच! शिवाय चुलीच्या फार जवळ राहिली तर आक्रसते. म्हणजे तिलाही जपावेच लागले असते.

लहान नोटांचा व्यवहार सर्वांत जास्त आपलाच. भाजीची जुडी, दळण, गटाची बचत, सगळे दहा-वीसच्या नोटांत. त्यामुळे फाटक्या नोटेचा तोटाही आपल्याच पदरी येतो. आमच्यातल्या एकीने शंभराची फाटकी नोट बाजारात ऐंशीला दिली. वीस रुपये फुकट गेले.

तसे करायची गरज नाही. फाटकी नोट राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तिथे खाते नसले तरी. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा सलग तुकडा असेल तर पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सलग तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे.

तेव्हा पुढच्या बैठकीत फाटक्या नोटा एका पाकिटात वेगळ्या ठेवा. दोघी-तिघी मिळून बँकेत जा. कुणी नाही म्हटले तर हा नियम सांगा आणि शाखाधिकाऱ्याला भेटा. नोट कापसाची असो की प्लॅस्टिकची, तिच्यामागचे कष्ट आपले आहेत.