नाईलचे पाणी कोणाचे?

वर्गात आफ्रिकेचा नकाशा टांगून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारून पाहावा. इजिप्तमध्ये उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही. मग ऐन उन्हाळ्यात तेथे नाईलला पूर कसा येत असे? इ. स. पूर्व पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यालाही हा प्रश्न पडला होता. त्याने दिलेले उत्तर चुकले, कारण खरे कारण इजिप्तच्या खूप दक्षिणेला होते.

नाईल दोन मुख्य प्रवाहांची बनते. पांढरी नाईल व्हिक्टोरिया सरोवराकडून वर्षभर वाहत येते. परंतु दक्षिण सुदानमधील सुद नावाच्या दलदलीत तिचे सुमारे निम्मे पाणी वाफ होऊन जाते. निळी नाईल इथिओपियातील टाना सरोवरातून निघते. इथिओपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हाच, भरपूर पाऊस पडतो. हे दोन प्रवाह सुदानमध्ये खार्टूम येथे मिळतात. इजिप्तला पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या पठारावरचे असते.

पाण्याचे करार मात्र वेगळेच सांगतात. १९२९ साली ब्रिटनने आपल्या ताब्यातील प्रदेशांच्या वतीने इजिप्तशी करार केला. पुढे १९५९ साली इजिप्त आणि स्वतंत्र सुदान यांनी आपसात वाटणी केली. वार्षिक सरासरी प्रवाह ८४ अब्ज घनमीटर धरला. त्यातले ५५.५ इजिप्तला, १८.५ सुदानला आणि उरलेले १० नियोजित आस्वान जलाशयातील बाष्पीभवनासाठी. बेरीज करून पाहा, शिल्लक शून्य! वाफेसाठी वाटा ठेवला गेला. ज्या देशात पाऊस पडतो त्या इथिओपियाला चर्चेलाही बोलावले नव्हते.

म्हणून इजिप्तची भीती खोटी ठरत नाही. त्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी या एका नदीचे आहे. १९७० साली पूर्ण झालेल्या आस्वानच्या उंच धरणातील साठ्यामुळेच १९८० च्या दशकातील दुष्काळात तो देश तरला. दुसरीकडे, इथिओपियात कोट्यवधी लोकांच्या घरी वीज नाही. त्याने २०११ साली निळ्या नाईलवर, सुदानच्या सीमेजवळ, प्रचंड धरण बांधायला घेतले. २०२० पासून त्यात पाणी साठू लागले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याची क्षमता सुमारे ७४ अब्ज घनमीटर, म्हणजे निळ्या नाईलच्या वर्षभराच्या प्रवाहाच्या जवळजवळ दीडपट आहे.

हे धरण मुख्यतः विजेसाठी आहे. जनित्रे फिरवून पाणी पुन्हा नदीतच येते. शिवाय खोल दरीत साठवलेल्या पाण्याची वाफ वाळवंटातल्यापेक्षा कमी होते. तेव्हा चांगल्या पावसाच्या वर्षी भांडणाचे फारसे कारण नाही. खरी कसोटी लागोपाठ दोन-तीन वर्षे पाऊस कमी पडला तर लागेल. तेव्हा किती पाणी सोडायचे आणि ते कोणी ठरवायचे? २०१५ साली तिन्ही देशांनी तत्त्वे मान्य केली. पण उद्घाटनापर्यंत याविषयी बंधनकारक करार झालेला नव्हता.

वर्गाचे तीन गट करून हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवता येईल: यंदा प्रवाह ८४ नव्हे, ६० अब्ज घनमीटर आहे, वाटणी करा. प्रत्येक गटाला आधी दुसऱ्या देशाची बाजू मांडायला सांगावे.