शेअर्ड होस्टिंगवरील स्क्रिप्टिंग भाषा

शेअर्ड होस्टिंग : एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे ठेवून प्रोसेसर, मेमरी व डिस्क त्यांच्यात वाटून देणारी सेवा. ग्राहकाला स्वतःचे खाते, डेटाबेस आणि सीपॅनेलसारखे कंट्रोल पॅनेल मिळते. सर्व्हरच्या मूळ व्यवस्थेत हात घालण्याचा, म्हणजे रूटचा अधिकार मिळत नाही. १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ ने प्रत्येक विनंतीसोबत संकेतस्थळाचे नाव पाठवणे सक्तीचे केले. त्यामुळे एका आयपी पत्त्यावर कितीही स्थळे नांदू लागली आणि ही सेवा सामान्यांच्या आवाक्यात आली. इथे नवी स्क्रिप्टिंग भाषा सुरू करणारा बहुधा भाषेच्या गुणदोषांपासून सुरुवात करतो. प्रत्यक्षात काम होणार की अडणार, हे होस्ट ती भाषा कशी चालवतो यावर ठरते. म्हणून अभ्यासाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

इतिहास याला दुजोरा देतो. १९९३ च्या सुमारास रूढ झालेल्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस सुरू होई. पर्लचे प्रोग्रॅम असेच चालत. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये खुली केलेली पीएचपी पुढे अपाची सर्व्हरच्या आतच मॉड्यूल म्हणून चालू लागली. पान तयार झाले की प्रोग्रॅम संपतो आणि मेमरी मोकळी होते. ज्या स्थळावर कोणी फिरकत नाही, त्याचा सर्व्हरवर जवळपास भार नसतो, म्हणून शेकडो खाती एका यंत्रावर ठेवणाऱ्या होस्टला ही भाषा परवडली. २००४ चे रुबी ऑन रेल्स आणि २००५ चे पायथनमधील जँगो यांची मांडणी अधिक नेटकी होती. पण त्यांचे प्रोग्रॅम सतत मेमरीत ठेवावे लागत आणि शेअर्ड खात्यांवर ते मेमरीच्या मर्यादेला अडखळत. २००८ मध्ये पॅसेंजर हे सर्व्हर मॉड्यूल आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. दरम्यान वर्डप्रेस आणि ड्रुपल या पीएचपीत लिहिलेल्या संकेतस्थळ-प्रणालींनी तिचा पाया पसरवला होता. २००७ साली सुरू झालेली 'उपक्रम' आणि 'मिसळपाव' ही मराठी संकेतस्थळे ड्रुपलवरच उभी राहिली.

देवनागरीत काम करणाऱ्याला होस्टची निवड आणखी जाणवते. भोपाळच्या नर्मदापुरम रस्त्यावरील मिसरोद या उपनगराचे नाव पत्त्याच्या रकान्यात भरले आहे, असे समजू. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'मिसरोद' या शब्दात मात्रांसह ६ चिन्हे आहेत, म्हणून पीएचपीचे साधे स्ट्रलेन फंक्शन त्याची लांबी १८ सांगते. एमबी-स्ट्रलेन ६ सांगते आणि ग्राफीम-स्ट्रलेन ४, म्हणजे वाचकाला दिसतात तितकी अक्षरे. मजकूर कापणाऱ्या साध्या फंक्शनने पहिले ४ बाइटच ठेवले, तर 'म' पुढे वेलांटीचा तुटका तुकडा उरतो. एमबी-स्ट्रलेन आणि ग्राफीम-स्ट्रलेन ही फंक्शने अनुक्रमे एमबीस्ट्रिंग आणि इंटल या एक्स्टेन्शनमधून येतात, आणि ती चालू ठेवायची की नाही हे होस्ट ठरवतो. डेटाबेसचेही तसेच. मायएसक्यूएलचा मूळ कॅरॅक्टर सेट आवृत्ती ८.० येईपर्यंत लॅटिन-१ होता. तो न बदलता मराठी मजकूर साठवायला गेले की अक्षरांच्या जागी अनेकदा प्रश्नचिन्हे दिसत.

अभ्यासाची सुरुवात होस्टपासून करावी, यावर पहिला आक्षेप असा की भाषा घरच्या संगणकावर झॅम्पसारख्या साधनाने शिकावी, होस्टिंगचा विचार नंतर करावा. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाच्या डीसीए, पीजीडीसीए या संगणक अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यालाही हा सल्ला सोयीचा वाटेल. व्याकरण शिकायला तो पुरेसा आहे. पण विंडोजवर फाइलच्या नावातील इंग्रजी लहान-मोठ्या लिपीचा फरक सहसा चालून जातो, होस्टच्या लिनक्सवर तो चालत नाही. पर्ल वा पायथनच्या सीजीआय फाइलला ७५५ परवानगी, पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा अचूक मार्ग, लिनक्स पद्धतीचा ओळीचा शेवट आणि हेडरनंतर एक रिकामी ओळ लागते. यातले एक चुकले तरी ब्राउझर नुसते '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' दाखवतो. खरे कारण एरर लॉगमध्ये सापडते. घरी चाललेला प्रोग्रॅम तिथे का पडला, हे घरच्या संगणकावर शिकता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : व्हीपीएस, म्हणजे रूटच्या अधिकारासह मिळणारा स्वतंत्र आभासी सर्व्हर, आता स्वस्त आहे, मग ही बंधने सोसायची कशाला? कारण रूटच्या अधिकारासोबत सुरक्षा अपडेट, फायरवॉल आणि बॅकअप यांची जबाबदारीही येते. ती पेलता येईल तेव्हा व्हीपीएस जरूर घ्यावा; सतत चालणारा प्रोग्रॅम हवा असेल तर तोच योग्य. पण एकाच वेळी नवी भाषा आणि सर्व्हरची राखण हाती घेतली, तर बहुधा दोन्ही अर्धवट राहतात.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी होस्टला चार गोष्टी विचाराव्यात : भाषेची कोणती आवृत्ती आहे, ती कोणत्या पद्धतीने चालते, एसएसएच (दुरून सर्व्हरवर कमांड चालवण्याची सोय) मिळते का आणि एरर लॉग वाचता येतो का. खाते मिळाल्यावर पहिला प्रोग्रॅम 'हॅलो वर्ल्ड'चा नको. भाषेची आवृत्ती आणि चालू एक्स्टेन्शनची यादी छापणारा, एक मराठी शब्द डेटाबेसात ठेवून जसाच्या तसा परत आणणारा प्रोग्रॅम लिहावा. तो नीट चालला तर ती भाषा त्या खात्यावर शिकण्याजोगी आहे. चालला नाही तर पुढे जाण्याआधी होस्ट बदलावा.