जीर्ण झाडाची परवानगी

मृग जवळ आला की बदलापूरच्या कात्रपमधल्या एखाद्या जुन्या घरातली माणसे अंगणातल्या आंब्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागतात. वर्षभर त्याच्या सावलीत खाट टाकली, लोणच्याच्या कैऱ्या उतरवल्या. आता एक जाड फांदी वाळली आहे आणि बुंध्यातल्या भोकातून भुसा गळतो आहे. म्हणजे भिरुड. याची अळी खोड आतून पोखरत जाते आणि साल मात्र शाबूत दिसते. उपाय ठरलेला आहे. तार घालून अळी ओढून काढायची, भोकात पेट्रोलचा बोळा कोंबायचा, वरून चिखल लिंपायचा. कापलेल्या जागी मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची.

बोर्डो हे फ्रान्समधल्या द्राक्षांच्या मुलखाचे नाव. तिथले हे मिश्रण १८८५ च्या सुमारास जगापुढे आले. पण आधी कापून साफ करा, मग लेप लावा, ही रीत त्याहून फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाला अख्खा अध्याय दिला आहे. पाने पांढुरकी पडणे, पालवीची वाढ खुंटणे, फांद्या वाळणे, रस गळणे ही त्याने सांगितलेली आजाराची लक्षणे. कारणे थंडी, वारा आणि ऊन. शस्त्राने रोगट भाग काढावा, वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, दूधपाणी घालावे, असा त्याचा इलाज. तूप परवडणारे घर तेव्हाही मोजकेच असणार. चिखल मात्र दोन्ही काळांत फुकट.

इलाज चालला नाही तर? खरी गोची इथे सुरू होते, कारण मरणाऱ्या झाडाचा निकाल एकट्याने लावण्याची मुभा सहसा नव्हतीच.

‘आज्ञापत्र’ हा मराठा राज्यकारभारावरचा, १७१६ चा, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरचा ग्रंथ. आरमाराला लाकूड लागते, म्हणून त्यात झाडांचा विषय निघतो. आंबा, फणस यांचे लाकूड कामाचे, तरी त्यांना हात लावू द्यायचा नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे कारण दिले आहे. अगदी जीर्ण होऊन कामातून गेलेले झाड असेल तरच धन्याला राजी करायचे, पैसे द्यायचे, त्याचा संतोष झाला की मग तोडायचे. जबरदस्ती नाही. झाड मरायला टेकले तरी त्याचा धनी तिथे होता आणि सरकारने त्याच्या दारी जायचे होते.

आज ही वाट उलटी झाली आहे. महाराष्ट्राचा नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा. त्यानुसार स्वतःच्या अंगणातले झाड तोडायलाही धन्यालाच वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. कात्रपकरांसाठी तो कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत. झाड मेलेले, रोगट किंवा माणसांच्या जिवाला धोकादायक असेल तर परवानगीची वाट सोपी होते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावण्याची अट घातली. साठ वर्षांच्या आंब्यापोटी साठ रोपे! अंगण तेवढे मोठे असते तर झाड भिंतीला खेटलेच नसते.

अंगणे आक्रसली ती उशिरा. कल्याणकडून आलेली रेल्वे १८५६ मध्येच बदलापुरावरून पुढे गेली. अंगणांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या त्या मात्र अलीकडच्या दशकांत. त्यामुळे वाळलेल्या फांदीखाली आता गोठा नसतो, शेजाऱ्याची मोटार असते.

तोडण्याआधी कुणाला तरी विचारायची रीतही जुनी. मूर्तीसाठी झाड तोडायचे तर आदल्या रात्री बळी देऊन तिथे राहणाऱ्या भूतांना विनवावे, दुसरीकडे बिऱ्हाड हलवा, असे वराहमिहिराने सांगितले आहे. आता वृक्ष अधिकाऱ्याची नोटीस बुंध्यावर चिकटते. ती वाचून हरकत घ्यायची असते शेजाऱ्यांनी, आणि मोटारवाला बहुधा घेत नाही.