तळटीप : मिग-२१ उतरवताना थ्रॉटल
* चाके टेकेपर्यंत थ्रॉटल मागे न घेण्याचा लेखकाचा आग्रह मिग-२१च्या पंखांमुळे आहे. हे पंख त्रिकोणी, पातळ आणि ५७ अंश मागे झुकलेले. ध्वनीच्या दुप्पट वेगाला ते उत्तम. उतरताना मात्र पुरेसे उत्थापन मिळवायला नाक बरेच वर धरावे लागते, आणि त्याबरोबर हवेचा रोध भराभर वाढतो. वेग एका मर्यादेखाली गेला, की आणखी हळू उडायला उलट जास्त जोर लागतो. सरळ पंखांचे विमान अशा वेळी बहुधा थरथरते, नाक टाकते. मिग नाक वर ठेवूनच खाली बसत जाते, म्हणून नवख्याला धोका उशिरा उमगतो. तेव्हा स्टिक ओढून उपयोग नाही, रोध आणखीच वाढतो. जोर द्यावा, तर मंदावलेले टर्बोजेट पुन्हा पूर्ण गतीवर यायला काही सेकंद घेते.

मिग-२१च्या नंतरच्या आवृत्त्यांत इंजिनातली दाबलेली हवा फ्लॅपवर सोडण्याची सोय आली. त्यामुळे उतरण्याचा वेग थोडा घटला. पण थ्रॉटल एकदम मिटला तर ती हवा घटे आणि तिच्यासोबत उत्थापनही.

हे सारे अंगवळणी पाडायला उपयोगी असे हॉक हे प्रगत जेट प्रशिक्षण विमान भारतीय हवाई दलाला २००८ मध्ये मिळाले. तोवर किरणसारख्या मंद विमानावर शिकलेले अनेक तरुण लवकरच मिगवर येत. म्हणून मिग उतरवतानाच्या अपघातांचा दोष केवळ त्यांच्या हातांवर टाकणे अन्यायाचे आहे.