तंबूतला मुक्काम : कुटुंबासह जाण्यापूर्वी काय पाहावे?

दिवाळी सरली आणि थंडीची चाहूल लागली की मुंबई-पुण्यातील कुटुंबांना शनिवार-रविवारच्या मुक्कामाचे वेध लागतात. एके काळी हा मुक्काम लोणावळा, माथेरान वा महाबळेश्वरच्या हॉटेलात होत असे. अलीकडच्या काळात त्याला नवा पर्याय लाभला आहे. धरणाच्या काठी किंवा शेतमळ्यात उभारलेला तंबू, आत पलंग-गादी, दिवे, पंखा आणि मागील बाजूस स्वच्छतागृह, असे त्याचे स्वरूप. ‘ग्लॅमर’ आणि ‘कॅम्पिंग’ या दोन शब्दांच्या संयोगातून त्यास ‘ग्लॅम्पिंग’ हे नाव मिळाले व २०१६ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशानेही ते स्वीकारले. मराठीत त्यास अद्याप सुटसुटीत प्रतिशब्द रुळलेला नाही.

मावळातील पवना धरणाचा परिसर हे या पर्यटनाचे राज्यातील सर्वांत परिचित ठिकाण. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या सान्निध्यातील हा जलाशय पुण्या-मुंबईहून सकाळी निघून दुपारी पोहोचण्याजोगा आहे. त्याखेरीज भंडारदरा, इगतपुरी, कोलाड, कर्जत, जुन्नर असे अनेक पर्याय आहेत. मात्र निवड बहुधा मोबाइलवरील छायाचित्रे पाहून केली जाते, आणि तिथेच गफलत होते. छायाचित्र दिवसाचे असते, मुक्काम मात्र रात्रीचा असतो. लहान मुले आणि वृद्ध आई-वडील सोबत असतील, तर रात्री दोन वाजता त्या जागी काय स्थिती असेल, याची चौकशी सर्वप्रथम करावी.

‘टेंट’ या एकाच शब्दाखाली किमान तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, हे प्रथम ध्यानी घ्यावे. पहिली म्हणजे गिर्यारोहकांचा घुमटाकार छोटा तंबू. त्यात जमिनीवर गादी आणि सार्वजनिक स्वच्छतागृह एवढेच मिळते. दुसरा ‘स्विस तंबू’. जाड कॅनव्हासचा, माणूस ताठ उभा राहू शकेल इतका उंच आणि बहुधा पक्क्या जोत्यावर उभारलेला. तिसरा प्रकार लोखंडी सांगाड्यावरील पांढऱ्या घुमटाचा; त्याची दर्शनी भिंत पारदर्शक असते. छायाचित्रात तो सर्वांत देखणा दिसतो. परंतु वातानुकूलन नसेल, तर दुपारच्या उन्हात आत बसवत नाही. सहा वर्षांखालील मूल किंवा गुडघ्यांचा त्रास असलेली व्यक्ती बरोबर असल्यास स्विस तंबू आणि त्यास जोडलेले स्वच्छतागृह याखेरीज अन्य पर्यायाचा विचार न केलेला बरा. काळोखात विजेरी घेऊन, दवाने निसरडा झालेला उतार ओलांडून शौचास जाणे तरुणांना गमतीचे वाटेल, आजीला नाही.

जोत्याचा आग्रह केवळ सोयीसाठी नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. त्यांपैकी मण्यार निशाचर असून जमिनीवर झोपलेल्या माणसास झोपेतच दंश करते. हा दंश अनेकदा इतका वेदनारहित असतो की तो झाल्याचे कळतही नाही. सकाळी पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणे अशी लक्षणे दिसू लागेपर्यंत मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. म्हणून पलंग जमिनीपासून उंच आहे का, तंबूचे तळाचे कापड भिंतींशी शिवलेले आहे का, चेन खालपर्यंत नीट बंद होते का आणि भोवतालचे गवत कापलेले आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. कोकणपट्ट्यात विंचवाचीही भर पडते. तेथील लाल विंचवाचा दंश मुलांच्या हृदयावर घातक परिणाम करू शकतो, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषयावर केलेले संशोधन जगभर मान्यता पावले आहे. सकाळी बूट झटकून घालण्याची सवय मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावी.

सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट बांधणे हे सर्व टाळून, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. तेव्हा सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे, तेथे सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध असते का आणि रात्री वाहन मिळेल का, याची विचारणा आरक्षणापूर्वीच करावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर उपलब्ध आहे. परंतु सह्याद्रीच्या कुशीतील अनेक जागी मोबाइलला ‘रेंज’ नसते आणि अशा ठिकाणी हा क्रमांक पाठ असून उपयोग नाही. कोणत्या कंपनीची सेवा तेथे चालते, हे व्यवस्थापकास ठाऊक असलेच पाहिजे. या प्रश्नांना जो हसून उत्तर टाळतो, त्याच्याकडे मुले घेऊन जाऊ नये.

थंडीतील आणखी एक धोका फारसा चर्चिला जात नाही. नेपाळमधील दामन येथे जानेवारी २०२० मध्ये एका रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅसवरील हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यांत चार लहान मुले होती. कोळशाच्या शेगडीतूनही तोच कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्यास रंग नाही, वास नाही. शेकोटी पेटवावी ती तंबूपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून; आणि निखाऱ्यांची शेगडी कितीही थंडी असली तरी तंबूत आणू देऊ नये. उबेसाठी अतिरिक्त रजया मागून घ्याव्यात. विजेच्या बाबतीत ओल्या जमिनीवरून नेलेल्या उघड्या जोडण्या आणि गिझर यांकडे लक्ष द्यावे. गळती होताच प्रवाह तोडणारा ‘ईएलसीबी’ बसवला आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

पाण्याच्या काठाबद्दल गैरसमज मोठे आहेत. धरणाचा जलाशय म्हणजे तलाव नव्हे. पावसाळ्यानंतर पवनेचे पाणी काठोकाठ असते. तेव्हाच्या छायाचित्रात तंबूच्या दारापासून चार पावलांवर लाटा दिसतात. एप्रिल-मेमध्ये तेच पाणी दूर सरते आणि मध्ये उरतो तो पाय रुतवणारा गाळ. बुडालेल्या शेतांचे बांध, खड्डे आणि एकाएकी खोल होणारा उतार वरून दिसत नाहीत. पोहता येणारी माणसेही येथे बुडतात. कोलाडची गोष्ट आणखी वेगळी. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील वीजकेंद्रातून कुंडलिकेत सोडले जाते आणि त्याच विसर्गावर तेथील राफ्टिंग चालते. म्हणजे सकाळी शांत भासणारी नदी आभाळ निरभ्र असतानाही वाढू शकते. पाणी आणि तंबू यांच्यामध्ये कुंपण आहे का, नौकाविहारासाठी मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे आहेत का, हे पाहावे. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून अशा उपक्रमांच्या चालकांना नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र दाखवण्यास सांगणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

तंबू कशावर आणि कशाखाली उभा आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. कातळावर खुंट्या धरत नाहीत. मग दोर दगडांना बांधून वेळ निभावली जाते. काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्यास गर्दी होते ती मेअखेर आणि जूनच्या प्रारंभी, म्हणजे नेमकी वळिवाच्या वादळी पावसात. अशा वेळी जुन्या झाडाखालची सावलीची जागा धोक्याची ठरते. केरळमधील वायनाड जिल्ह्यात मेप्पाडीजवळ जानेवारी २०२१ मध्ये तंबूतील मुक्कामी आलेली एक महिला हत्तीच्या हल्ल्यात मरण पावली. त्याच परिसरात मे २०२५ मध्ये तंबूवजा निवारा कोसळून एका तरुणीचा बळी गेला. महाराष्ट्रात हत्तीची भीती अगदी मोजक्या भागात. मात्र जुन्नर, आंबेगाव, शिरूर या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर नित्याचा आहे. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचाही मृत्यू झाला. या भागात उसाला लागून असलेला तंबू कुटुंबाने घेऊ नये. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये, हे तेथील गावकरी स्वतःच्या मुलांबाबत पाळतात तेच पाहुण्यांनी पाळावे.

जुलै-ऑगस्टमधील घाटमाथ्यावरचा तंबू तर टाळलेलाच उत्तम, मग सवलत कितीही मोठी असो. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पावसाळ्यात पुणे जिल्हा प्रशासन अनेक स्थळांवर बंदी आदेश काढते, ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

ज्यांना लहान मुलांना शेत, गोठा, विहीर दाखवायची आहे, त्यांनी कृषी पर्यटन केंद्रांचा विचार अवश्य करावा. बारामतीजवळील माळेगाव येथे पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये या कल्पनेस चालना दिली आणि २०२० मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. नोंदणीकृत केंद्रांना पर्यटन संचालनालयाचे प्रमाणपत्र मिळते. काही ठिकाणी तंबूही असतात. नसले तरी यजमान कुटुंब तेथेच राहते, ही मोठी जमेची बाजू. रात्री मुलाला ताप भरला तर दार ठोठावायला कोणी असते. धरणकाठच्या कित्येक तंबूंवर रात्री अकरानंतर राखणदाराखेरीज कोणी सापडत नाही.

शनिवारच्या रात्रीचा आवाज ही पवना परिसराबाबत नेहमीची तक्रार. ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा मनाई आहे, पण शेजारच्या गटाला ते सांगणार कोण? केवळ कुटुंबांनाच प्रवेश आहे का, मद्यपानाबाबत नियम काय, शेजारचा तंबू किती अंतरावर, हे स्पष्ट विचारावे. शक्य असल्यास रविवारी रात्री किंवा आठवड्याच्या मध्यात जावे. दरही उतरलेले असतात.

दर बहुधा माणशी सांगितले जातात. मुलांना किती वयापर्यंत सूट, जेवण किती वेळचे, दुधाची सोय कशी आणि मुक्काम रद्द केल्यास आगाऊ रकमेचे काय, हे लेखी संदेशात घ्यावे. खाद्यपदार्थांच्या परवान्याचा चौदा अंकी क्रमांक देयकावर असतो. समाजमाध्यमांवर दुसऱ्याची छायाचित्रे लावून आगाऊ पैसे उकळणारी बनावट पानेही असतात. त्यामुळे संपूर्ण रक्कम आधी भरू नये. जागेचा चालू चित्रफितीचा कॉल मागावा आणि त्यात पलंगाखालची जमीन व स्वच्छतागृह दाखवण्यास सांगावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.